साऱ्या फाट्याचा नंबर

धान्य बाजारातला सर्व्हर दमला की शेलूबाजार गावच्या पौर्णिमाच्या घशाखाली घास उतरत नसे. तिची माय गंगू हे शेजारणींना हसून सांगायची. "त्याले ताप येते अन् आंग इचं तपते," म्हणायची. यंदाच्या हंगामात मात्र गंगूचं हसणंही बंद झालं, कारण पोरीचा डबा रोज भरलेलाच घरी परत यायला लागला.

पौर्णिमा कारंज्याच्या रस्त्यावरच्या एका खासगी धान्य बाजारात कामाला होती. सोयाबीन विकायचं तर तिथं आधी नाव नोंदवायचं, मग मोबाईलवर टोकन येतं, टोकन आलं की ट्रॉली घेऊन फाटकात यायचं, नाव पुकारलं की काट्यावर जायचं. हा सगळा कारभार हाकणारा सर्व्हर मागच्या खोलीत एसीच्या गारव्यात बसलेला. बाहेर माणसं उन्हात तापतात आणि हा आत गारव्यात, म्हणून हमालांनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं होतं. "जावईबापू आज रुसले का व ताई?" असं ते खिडकीतून विचारायचे.

पौर्णिमाचं काम म्हणजे या जावयाची नाडी धरून बसणं. तिच्यासमोर स्क्रीनवर एक रेघ चालायची. रेघ खाली आणि हिरवी, म्हणजे विचारल्याबरोबर उत्तर मिळतंय. वर चढून तांबडी झाली, म्हणजे गडी धापा टाकतोय. वाशीमच्या तंत्रनिकेतनात शिकून पुण्यात काही वर्षं तिनं हेच काम केलं होतं. पण तिथं जी ती घरमालकीण आडनाव विचारायची आणि ऐकलं की खोली भरल्याचं सांगायची. शेवटी वैतागून ती परत आली. आपल्याच लोकांचं काम करू, म्हणाली. करा आता!

यंदा दिवाळी सरली आणि रोज सकाळी, खेड्यापाड्यांच्या जीपगाड्या शेलूबाजारच्या फाट्यावर रिकाम्या होण्याच्या सुमारास, रेघ उभीच्या उभी चढायला लागली. टोकन निघेनात. फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग, वर ढग धरलेले आणि माणसं ताडपत्र्या ओढत शिव्या घालताहेत. दुपारी जेवणं झाली की रेघ घटकाभर शहाण्यासारखी खाली यायची, चहाच्या वेळेला पुन्हा वर.

पौर्णिमानं काय करायचं बाकी ठेवलं? सर्व्हर बंद करून चालू केला. मेमरी वाढवली. वायरी बदलल्या. पुण्याच्या ज्या कंपनीनं हे सॉफ्टवेअर लिहिलं, तिथल्या योगिनीला फोन करकरून भंडावून सोडलं. योगिनी बिचारी गुणी पोरगी, पण तिच्याकडं सगळं सुरळीत चाले. "तुमच्याकडे गर्दी फार आहे गं, दुसरं काय?" ती म्हणाली. मालकानं जुनं मशीन काढून थोरलं मशीन बसवलं. नवा जावई दोन दिवस बरा वागला आणि तिसऱ्या दिवशी तोही धापा टाकायला लागला. पौर्णिमानं हात टेकले.

आणि लोक? लोकांना खापर फोडायला डोकं लागतंच. चहाच्या टपरीवर तिच्या पाठीमागं कुणीतरी बोललं, "सर्व्हर-बिर्व्हर काई नाई राजेहो. पोरगी आपल्या लोकाइचे टोकन पयले काढते, अन् मंग आपले." मागं वळून एक सणसणीत द्यावी असं तिला फार वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. पण ती पैसे ठेवून निघून आली आणि खोलीत येऊन रडली.

शुक्रवारी बाजाराचे व्यवस्थापक गोविंदसिंग दारात येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण दोन्हीकडून मार खाऊन टेकीला आला होता.

"मॅडम, सोमवारपर्यंत पाहा. नाई जमलं तं मालक हे काम दुसऱ्याले देऊन राह्यले."

"अन् मी?"

"तुमी जासान घरी. पण लोक जे बोलून राह्यले नं, ते तुमच्या मांगं तसंच राहीन. म्हनून म्हनतो, काहीबी करा, पण कारन शोधा."

नोकरी गेली असती तर तिनं सोसलं असतं. पण 'आपल्यांचं आधी काढणारी' हा डाग घेऊन फाट्यावरून रोज ये-जा करायची, हे तिला सोसणार नव्हतं.

शनिवारी तिनं एक वेगळी गोष्ट केली. इतके दिवस सगळे मिळून आजारी दिवस उकरत बसले होते. तिनं धडधाकट दिवस शोधला. तसा एकच सापडला, मागचा गुरुवार. त्या दिवशी फाटकात इतर दिवसांपेक्षा जास्तच ट्रॉल्या होत्या, आणि तरीही रेघ सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतातल्या बांधासारखी सपाट. म्हणजे दोष गर्दीचा नव्हता. मग त्या दिवशी कोण आलं नव्हतं?

तिनं सर्व्हरलाच विचारलं, तुला सगळ्यात जास्त कोण राबवतं? उत्तरात एकच मोबाईल नंबर आला. बाकीच्यांची विचारणा चिमूटभर, आणि या एका नंबरची पोतंभर. गुरुवारी मात्र त्या नंबरावरून एकदाही विचारणा नव्हती.

नंबर कुणाचा ते तिला शोधावं लागलं नाही. ती शाळा संपवून वाशीमला शिकायला निघाली तेव्हा बापानं पहिला मोबाईल घेतला होता आणि एसटी स्टँडवर उभं राहून तिच्याकडून ते दहा आकडे घोकून घेतले होते. "कोनाच्याबी फोनवरून लाव. कवाबी लाव. मी उचलन." जगात तिला तोंडपाठ असलेला तो एकच नंबर होता.

आणि गुरुवारी बाबा किन्हीराजा गावी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेले होते, फोन घरी चार्जिंगला विसरून. गंगूनं त्यावरून संध्याकाळी केवढं तोंड सोडलं होतं!

तिचा बाप उकंडराव. फाट्यावर त्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करण्याचं दुकान. दुकान कसलं, वर पत्रा, खाली बाकडं. नाव नोंदवायला मोबाईल नंबर लागायचा, आणि निम्म्या लोकांकडं फोन नाही. ज्यांच्याकडं आहे त्यांचा रिचार्ज संपला की नंबरच बदलतो. उकंडरावचा नंबर वर्षानुवर्षं तोच. "लिहा उकंडरावचाच!" आधी आपल्या गल्लीनं लिहिला, मग फाट्यानं, मग आजूबाजूच्या खेड्यांनी. सकाळी जीप थांबली की माणसं आधी त्याच्या बाकड्यावर. "उकंडराव, पाह्य बरं माहा नंबर कुठं आला." हाही चष्मा सावरून ॲप उघडायचा आणि एकेकाला सांगायचा, तुले अजून अवकाश हाये, तू उद्या निघ.

पुंजाजी तर रोज येऊन बसायचा. पिकलेला म्हातारा, ना अक्षरओळख ना फोन. "मेसेज येवो का न येवो, उकंडराव सांगन तवा मी घरातून हालन," म्हणायचा. याच पुंजाजीच्या घरच्या ओसरीवर एके काळी उकंडरावच्या बापाला टेकू दिलं नव्हतं, खाली अंगणात उभं राहावं लागायचं. उकंडराव ते कधी बोलून दाखवत नसे. पण पुंजाजी बाकड्यावर बसून "पाह्य गा" म्हणाला की उकंडरावचा चेहरा कसा उजळायचा, ते पौर्णिमानं पाहिलं होतं.

आता सर्व्हरचं घोडं कुठं अडलं, ते सोपं होतं. तुम्ही रांगेत कितवे, हे सांगायला तो रांगेतली सगळी माणसं पहिल्यापासून मोजत यायचा. एका नंबरावर एक नाव, हे पुण्याच्या लोकांनी गृहीत धरलेलं. इथं एका नंबरावर पंचक्रोशी! उकंडरावनं ॲप उघडलं की शेकडो नावं, आणि प्रत्येक नावासाठी रांग पुन्हा पहिल्यापासून मोजायची. उत्तर यायला वेळ लागला की उकंडराव पुन्हा विचारायला स्क्रीन बोटानं खाली ओढायचा. पहिली मोजणी चालूच, त्यावर दुसरी, त्यावर तिसरी. टोकनं अडली की माणसं घाबरून अजून जास्त त्याच्याकडं यायची, आणि तो अजून ओढायचा. ते ओढायचं त्याला शिकवलं होतं पौर्णिमानंच, मोठ्या कौतुकानं. "अडकलं की असं खाली ओढाचं, बाबा."

तिनं योगिनीला फोन लावला. "अगं, एका नंबरावर इतकी नावं असतील असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी दुरुस्त करते, पण तपासून द्यायला आठवडा तरी हवा. तोवर तो नंबर बंद करून टाक ना."

बंद करायचं बटण पौर्णिमाच्या हाताशी होतं. पण बंद केलेले नंबर गोविंदसिंगांना दिसतात. नंबर कुणाचा, हे बाजारात कळायला एक चहा पुरला असता. मग टपरीवरच्या त्या तोंडांना आयतंच फावलं असतं. बापाच्या फोनवर निम्मी रांग, आणि पोरगी सर्व्हरवर! तिनं बटणाला हात लावला नाही. ती जीप धरून फाट्यावर आली.

उकंडराव पंपाचा नोजल फुंकत होता. तिनं त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं नोजल खाली ठेवला.

"म्हंजे जावयाले मीच आजारी पाडून राह्यलो?"

"तुमी नाई बाबा, ॲपमधी चूक हाये."

"एवढा मोठा बजार, अन् एकट्या उकंडरावनं बंद पाडला!" तो हसला, पण ते हसू लगेच मावळलं. "माहं नाव सांगतलं का तिथं?"

"नाई. अन् सांगनार बी नाई. तुमी फकत आठ दिवस फोनले हात लावू नका. कोनाचा फोन आला तरी उचलू नका. उचलला की लोक इचारतात, अन् तुमचं बोट जाते ॲपवर. मले माहीत हाये."

"वाजला तरी नाई?"

"वाजला तरी नाई."

उकंडरावनं फोन हातात धरून पाहिला. मग वॉशर ठेवायचा पत्र्याचा डबा काढला, त्यात फोन ठेवला, झाकण दाबून बसवलं आणि डबा वरच्या फळीवर सरकवला. "आता पोरीच्या इज्जतीचा सवाल हाये," तो स्वतःशीच म्हणाला. मग एकाएकी विचारलं, "पण पुंजाजीले कोन सांगन?"

"पाहू बाबा. करू काहीतरी."

तिनं तिथंच आपल्या फोनवर रेघ पाहिली. ती उतरत होती, हिरवी होत होती. इतक्या दिवसांनी पौर्णिमाला भूक लागली. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली आणि गंगूनं तिला वरून आणखी एक भाकर वाढली.

सोमवार उजाडला. रेघ सपाट. टोकनं धडाधड निघाली, ट्रॉल्या सरकायला लागल्या. हमाल खिडकीतून ओरडले, "जावई माणसात आला व ताई!" गोविंदसिंग स्वतः चहा घेऊन आले.

"मॅडम, मानलं तुमाले! काय होतं ते?"

"ॲपमधी मोजायची चूक होती. पुण्यावाले दुरुस्त करून राह्यले." खोटं त्यात काही नव्हतं. तरी तिनं त्यांच्या डोळ्यांकडं बघायचं टाळलं.

"मालकाले सांगतो मी. आता कोनी तोंड उघडून दाखवा म्हना!"

ते गेले आणि बाहेर कर्ण्यावर नाव पुकारलं गेलं. "पुंजाजी, शेलूबाजार!"

पौर्णिमानं चहा खाली ठेवला.

"पुंजाजी! पुंजाजी आला का गा कोनी?"

कुणी आलं नाही. पाहू, करू काहीतरी, म्हणाली होती ती. काय केलं होतं? पोटभर जेवली होती. पुंजाजीचं टोकन बरोबर वेळेवर सुटलं होतं आणि वॉशरच्या डब्यात जाऊन पडलं होतं. त्याच्यामागं तसलीच कितीतरी. माणसं बाकड्यावर येऊन बसली असतील आणि उकंडरावनं पोरीसाठी मान हलवून सांगितलं असेल, आज काई दिसत नाई गा.

पुकारल्यावर जो आला नाही त्याचं नाव रांगेच्या शेवटी जातं. तिच्या डोळ्यांदेखत पुंजाजीचं नाव खाली गेलं. पाठोपाठ शेलूबाजारचंच दुसरं पुकारलं, तेही गेलं. मग तिसरं. रेघ जराही हलली नाही. माणसं गळत होती आणि सर्व्हर खुशाल होता, कारण जो माणूस येतच नाही त्याचा सर्व्हरवर भार पडत नाही.

पौर्णिमा धावत काट्यावर गेली. "शेलूबाजारवाल्याइचे नावं खाली टाकू नका!" काटेवाला म्हणाला, "काहून ताई? तुमच्या गावचे हायेत म्हनून?" मागं रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. खरं सांगायचं तर बापाचं नाव घ्यावं लागणार होतं.

"त्याइचा फोन माह्या बाबापाशी हाये," ती शेवटी सगळ्यांच्या समोर म्हणाली. "साऱ्याइचा. अन् तो मीच बंद ठेवाले लावला."

हसणं थांबलं. गोविंदसिंग कार्यालयातून बाहेर येताना तिला दिसले. वर ढग दाटून आले होते आणि कर्ण्यावर चौथं नाव पुकारलं जात होतं. तिनं मोबाईल काढला आणि तोंडपाठ नंबर लावला. कवाबी लाव, मी उचलन, म्हणाला होता तिचा बाप. आजवर एकदाही त्यानं न उचलता ठेवला नव्हता.

रिंग वाजत राहिली. तिथं फाट्यावर वरच्या फळीवरचा डबा खणखणत असेल, बाकड्यावरची माणसं वर बघत असतील, आणि उकंडराव खाली मान घालून नोजल फुंकत असेल. पोरीला शब्द दिला होता त्यानं.

रिंग बंद झाली. तिनं पुन्हा लावला.