आधी डागाचं

काकूचं लग्न ठरलं ते फळांच्या भरवशावर. स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थाकडे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. मुलगा बुटका, दुकान भाड्याचं, दुकानामागे दोन खोल्या. बोलणी मोडायला आली तेव्हा त्याने पोतडीतलं शेवटचं वाक्य बाहेर काढलं, "फळवाल्याच्या घरात पडतेय मुलगी. जन्मभर ताजी फळं खाईल." काकूच्या वडिलांना ते पटलं. काका शेजारीच बसले होते. त्यांनी मान हलवली, आणि मान हलवणं म्हणजे शब्द देणं अशी त्यांची आयुष्यभर समजूत होती. मध्यस्थ दोन्हीकडचा चहा पिऊन निघून गेला. शब्द मात्र काकांच्या गळ्यात राहिला.

पुढच्या चाळीसएक वर्षांत काकूने दुकानातलं एकही ताजं फळ खाल्लं नाही.

यात काकांचा छळवाद नव्हता आणि काकूचा त्यागही नव्हता. घराचा एक नियम होता, "आधी डागाचं". डाग पडलेलं, दबलेलं, देठाशी नरमलेलं फळ आधी संपवायचं, मग चांगल्याला हात लावायचा. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. अडचण एवढीच, की फळवाल्याच्या घरात डागाचं कधी संपत नाही. आणि समजा एखाद्या दिवशी संपलंच, तर तोवर चांगल्याला डाग पडलेला असतो.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. माझे वडील काकांचे थोरले भाऊ, त्यामुळे जिन्यावरून उतरून त्यांच्या स्वयंपाकघरात जाणं हा आम्ही आमचा वारसाहक्क समजत असू. दुकान आणि घर यांच्यामध्ये भिंत नव्हती, एक जाड निळा पडदा होता. फळाचा प्रवास ठरलेला. पहिल्या दिवशी पुढच्या फळीवर, पुसून, एकावर एक. मग मागच्या रांगेत. मग गल्ल्याखालच्या खोक्यात. आणि शेवटी पडद्याआड. पडद्याआड गेलेलं फळ परत बाहेर आल्याचं कोणी पाहिलं नाही.

पडद्याआड काकू बसलेली असायची, पाटावर, हातात आखूड पात्याची सुरी घेऊन. ती सुरी घासून घासून इतकी बारीक झाली होती, की ताई, म्हणजे काकांची मुलगी, तिला "आईची सुई" म्हणायची. काकू खोकं पुढ्यात ओढायची आणि तीन ढीग करायची. आजचं, उद्याचं आणि आत्ताच्या आत्ता. नासका भाग ती असा नेमका काढायची, की फळाला कळतही नसेल. मग शिजवणं सुरू. सफरचंद आणि कांदा एका पातेल्यात, मंद आचेवर, वरून मूठभर अक्रोड. नासपतीच्या फोडी भातात, बदामाच्या कापांबरोबर. काळी पडलेली केळी कुस्करून पिठात, त्यात शेंगदाण्याचं जाडसर कूट, आणि तव्यावर तळहाताएवढ्या चकत्या. सुटी झालेली द्राक्षं गच्चीवर वाळवून बेदाणे. संत्री आतून सुकली तर सालींचा पाक. आमच्या घरी मधल्या वेळेला काय खायचं असा प्रश्न कधी पडला नाही. जे मेलं असेल ते खायचं.

सुक्या मेव्यालाही हाच न्याय. पोत्यात फुटलेले अक्रोड, अर्धे झालेले काजू, डब्याच्या तळाचे बदाम, सगळे लंगडेलुळे आत यायचे. प्रत्येक अक्रोडाचा बारीकसा कण काकू दाताने तोडून बघायची. "एक खवट निघाला तर बाकीच्यांची अब्रू जाते," असं तिचं म्हणणं. बदाम कढत पाण्यात टाकून, चिमटीत धरून ती साल उडवायची, ती नेमकी समोर बसलेल्याच्या चष्म्यावर जायची. अक्रोड तव्यावर भाजल्याचा वास जिन्यातून वर यायला लागला, की माझे वडील पेपर घडी घालून म्हणायचे, "खाली काहीतरी काम आहे वाटतं." काम कधीच नसायचं.

गंमत अशी, की गिऱ्हाइकं चकाकतं फळ घेऊन जायची आणि आम्हाला मनातून त्यांची कीव यायची. त्यांच्या सफरचंदाला फक्त रंग होता. आमच्या सफरचंदाला पूर्वायुष्य होतं.

समोरच्या इमारतीत एक शिकवणीवाल्या बाई राहायच्या. नेहमीचं गिऱ्हाईक. त्या एकदा पडद्यापर्यंत येऊन म्हणाल्या, "काकू, हा मुरंबा बाटल्या भरून विका की."

"विकायचा म्हटलं तर चांगलं फळ घालावं लागेल," काकू म्हणाली.

"मग घाला."

"चांगल्या फळाचा असा होत नाही ना."

बाईंनी यावर बराच विचार केला आणि एक वाटी फुकट घेऊन गेल्या.

काका पुढे, गल्ल्यावर. त्यांचा एकच शत्रू होता, तो म्हणजे माणसाचा अंगठा. फळ घेण्याआधी ते दाबून पाहणारा माणूस त्यांना चोरापेक्षा वाईट वाटायचा. चोर निदान फळ घेऊन तरी जातो. त्यांनी रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली होती, "फळे पाहावीत, दाबू नयेत." लोक एका हाताने पाटी वाचत असल्यासारखा चष्मा सावरायचे आणि दुसऱ्या हाताने दाबायचे. मग काका अगदी शांतपणे म्हणायचे, "मी तुमचे गाल दाबतोय का?" बरीच गिऱ्हाइकं या वाक्यावर तुटली. उरली ती मात्र कायमची.

हे सगळं हसतखेळत चाललं असलं, तरी त्या दिलेल्या शब्दाचं काकांच्या मनात कुसळ होतं. वर्षातून एकदा तरी ते चांगलं फळ घेऊन पडद्याआड जायचे. "अगं, हे खा. आत्ता खा."

"ठेवा तिथे. हे डागाचं संपवते आणि खाते."

ते फळ मग फळीवर थांबायचं, सावकाश वय वाढवत, आणि शेवटी रीतसर पातेल्यात जायचं. काका एकदा माझ्या वडिलांना म्हणाले, "सासरेबुवा वारले तेव्हा मला खांदा देताना लाज वाटली. मुलगी ताजं फळ खाते असंच समजून गेला माणूस." वडील म्हणाले, "मग गैरसमजात गेला, सुखात गेला. बहुतेक लोक असेच जातात."

ताई नोकरीला लागली तेव्हा तिनेही एक प्रयत्न केला. ती पहिल्या पगारात दुसऱ्या एका मोठ्या दुकानातून फळांची करंडी घेऊन आली, रंगीत कागद लावलेली. काकांनी करंडीकडे असं पाहिलं, जणू मुलीने परस्पर लग्न केलं आहे. "परक्याच्या दुकानातून?" एवढंच बोलले. काकूने कौतुकाने करंडी फळीवर ठेवली, रंगीत कागदाची घडी करून गादीखाली ठेवली, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी त्या करंडीचा मुरंबा खाल्ला. ताई म्हणाली, "आई, तू फळाला कधी तरुणपणी भेटणारच नाहीस का गं?"

मग काकांचे गुडघे गेले. दिवसभर उभं राहणं जमेना. घराच्या दोन खोल्या ठेवून पुढची दुकानाची जागा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एकाला जाणार असं ठरलं. शेवटचा माल आला त्या सकाळी काकांनी दुकान उघडण्याआधी एक काम केलं, जे आयुष्यात कधी केलं नव्हतं. खोकी फोडून सगळ्यात उत्तम फळं त्यांनी स्वतःसाठी काढली. सहा-सात नासपती, थोडी सफरचंदं, अंजिरं. एका परडीत गवत घालून मांडली आणि दुकान बंद झाल्यावर परडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

काकूने ती पाहिली. "हे आत कसं आलं? चुकून?"

"तुझ्यासाठी आहे. आता तरी खा. दुकान संपलं, नियम संपला."

"खाते की. आधी ते तेवढं निस्तरते."

"ते तेवढं" म्हणजे दुकानातला उरलेला सगळा माल. शेवटच्या दिवशी जे विकलं गेलं नाही ते एकदमच पडद्याआड आलं होतं. कोपऱ्यात छातीएवढा ढीग. काकूने सुरी घेतली.

आता इथे बाहेरच्या माणसाला कळणार नाही अशी एक गोष्ट आहे. फळ किती दिवसांचा सोबती आहे हे काकांना नुसतं बघून कळायचं. त्यामुळे एकीकडे ढीग उतरत होता, दुसरीकडे परडी पिकत होती, आणि काका मध्ये खुर्ची टाकून दोन्हीकडे बघत होते. शर्यतच ती. रोज वरून कोणी ना कोणी खाली जाऊन विचारायचं, "काय म्हणतेय परडी?" काका हळू आवाजात सांगायचे, "अंजिरं हरली." दुसऱ्या दिवशी अंजिरं अक्रोडांबरोबर वड्यांत गेलेली असायची. मग सफरचंदं सुरकुतली. नासपती मात्र टिकून होत्या. "नासपतीचं एकच दिवसाचं राज्य," काका म्हणायचे, "आदल्या दिवशी लाकूड, नंतर लगदा." ते दिवसातून दहा वेळा परडीवर वाकून वास घ्यायचे. हात मात्र लावायचे नाहीत. सवय.

तो दिवस आला. देठाशी पिवळेपणा उतरला, वास टेबल सोडून दारापर्यंत आला. आणि योगायोगाने त्याच दुपारी ढीगही संपला. काकूने शेवटची बाटली भरली, सुरी धुतली, पाट भिंतीला उभा केला. काका खुर्चीत सावरून बसले. मी तिथेच होतो, ताईही रजा काढून आलेली. सगळ्यांचे डोळे परडीवर, निकालाच्या दिवशी फळ्यावर असतात तसे.

काकूने पदराला हात पुसले, परडीपाशी गेली, आणि दार वाजलं.

शिकवणीवाल्या बाई. हातात भली मोठी पिशवी. "काकू, म्हटलं दुकान बंद झालं, आता तुम्हाला डागाळलेलं कुठून मिळणार? इमारतीतल्या सगळ्यांकडून गोळा केलं." पिशवीत काळी केळी होती, अर्ध्या शहराची असावीत.

"अगं बाई, किती आठवण ठेवलीत," काकू म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो खोटा नव्हता. परडी तिथेच राहिली. पाट पुन्हा खाली आला.

ताईने कपाळावर हात मारला. बाई खुशीत बसल्या, त्यांनी चकत्या होईपर्यंत थांबायची तयारी दाखवली.

काका उठले. गुडघा धरून, टेबलाला टेकत. परडीतली सगळ्यात देखणी नासपती उचलली. जरा वेळ तळहातावर तोलली. आणि मग ज्या अंगठ्याने जन्मभर कुणाच्या फळाला नख लावलं नव्हतं, तो अंगठा त्यांनी तिच्या गालात पहिल्या पेरापर्यंत दाबला. रस मनगटावर आला.

ती नासपती त्यांनी काकूच्या पुढ्यात, केळ्यांच्या शेजारी ठेवली. "ही गेली. संपवून टाक."

काकूने नासपती पाहिली. मग काकांचा ओला अंगठा पाहिला.

"कुणी दाबली?"

"गिऱ्हाइकाने."

"दुकान बंद झालंय."

"म्हणून तर सापडला नाही."

काकूने सवयीने सुरी उचलली, खड्ड्याभोवती पातं टेकवलं, आणि थांबली. सुरी खाली ठेवली. नासपती फिरवून चांगल्या बाजूने तिला दात लावला. रस हनुवटीवरून पदरावर आला, तो तिने पुसला नाही. चावत चावत ती पडद्याकडे बघत होती, जणू पडद्यापलीकडे अजून कोणीतरी दर विचारतंय. सगळी खाल्ली. देठ आणि बिया तेवढ्या उरल्या.

"कशी आहे?" काकांनी विचारलं.

"गोड आहे," ती म्हणाली. थोडं थांबून, "मीठ नाही, कांदा नाही, काही नाही. तरी गोड आहे." आणि मग, बहुधा इतकं कौतुक फळाला सोसणार नाही असं वाटून, "दोन अक्रोड असते तर बरं झालं असतं."

काकांनी खिशातून दोन अक्रोड काढले. किती दिवस खिशात बाळगले होते कोण जाणे. काकूने एकाचा कण तोडून पाहिला आणि मान डोलावली. खवट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परडीतल्या उरलेल्या प्रत्येक नासपतीवर एकेक अंगठा उमटलेला होता. काकू म्हणाली, "हे गिऱ्हाईक फार मातलंय." आणि एकेक करून खाल्ल्या.

पुढे काकांचा तो नेमच झाला. जमेल तसे, काठी टेकत, ते बाजारापर्यंत जायचे. ज्या दुकानातून ताईने करंडी आणली होती तिथेच, कारण आता सगळी दुकानं परक्याचीच होती. एक फळ निवडायचे, पैसे द्यायचे, आणि पिशवीत टाकण्याआधी तिथेच उभे राहून अंगठा दाबायचे. तिथला दुकानदार तरुण होता. त्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"आजोबा," तो गल्ल्यावरून ओरडायचा, "फळं दाबू नका हो. मी तुमचे गाल दाबतो का?"

काका फळ पिशवीत टाकून निघायचे. हा पोरगा धंद्यात टिकेल, एवढं मात्र ते घरी येऊन समाधानाने सांगायचे.