राखडीचं वळण

जमीन कुठलीही असो, मी आधी टाच मारून बघतो. कुणाच्या अंगणात, लग्नाच्या मांडवात, प्लांटमधल्या शेडच्या दारात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बायको विचारायची, "तुमी कावून असे घोड्यासारखे पाय आपटता?" मी काहीतरी थाप मारायचो. पुढे तिने विचारणं सोडलं. मला टाच मारणं सोडता आलं नाही, आणि त्याचं खरं कारण मी चौदा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं.

छत्तीसगडात, भिलाई-३ नावाच्या वस्तीच्या अलीकडे मुरमाची एक सोडून दिलेली खदान होती. तिच्या कडेला खोदकामाच्या मातीचा मोठा ढिगारा पडून होता. भिलाई तळहातासारखी सपाट, त्यामुळे आमच्यासाठी तोच डोंगर. आम्ही पाच जण भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये अप्रेंटिस होतो, सगळे विदर्भातल्या घरांतले. दर रविवारी सकाळी टिकाव, घमेली घेऊन तिथे जायचं आणि सायकली उतरवायला वाट बांधायची, हा आमचा उद्योग. जगात असा एक खेळ आहे आणि त्याला नावही आहे, हे फार पुढे कळलं. आम्ही त्याला नुसतं ‘उतार’ म्हणायचो.

शिकवायला कुणी नव्हतं. पहिली वाट आम्ही सरळ वरून खाली काढली आणि एका सरीत तिचा नाला झाला. मग अक्कल आली. वरून बादलीभर पाणी ओतायचं, ते कुठून जातं ते बघायचं आणि ती जागा पाण्यालाच सोडून द्यायची. वळणावर बाहेरच्या अंगाला पाळ, म्हणजे मातीचा तिरपा बांध, उभारायची, म्हणजे वेगातली सायकल तिच्यावर टेकून वळते. पाळीत मुरूम चार-चार बोटांच्या थरांनी घालायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकायचं. भंगारातल्या लोखंडी ठोकळ्याला पाइप जोडून ते धुम्मस आमच्यातल्या वेल्डरने बनवलं होतं. शेवटी वर उभं राहून टाच मारायची. टाच रुतली तर थर उपसून पुन्हा भरायचा.

आणि एक नियम होता. ज्यानं वळण बांधलं, त्यानंच पहिल्यांदा उतरायचं.

हा नियम मिस्त्रीकाकांचा. भिलाईतल्या सुपेला बाजारात त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस वर्धेकडचा, बोलणं कमी आणि टोमणे जास्त. ब्रेक कसला की गिऱ्हाइकाला सायकल द्यायच्या आधी ते स्वतः तिच्यावर बसून चौकापर्यंत जाऊन यायचे. "ज्यानं कसला त्यानं पह्यले चालवाव. दुसऱ्याच्या जिवावर कायले तपासाचं?" असं म्हणायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा आमच्या पाचांतला. तो माझा सगळ्यात जवळचा मित्र. त्याने हा नियम दुकानातून उतारावर आणला आणि आम्ही तो देवाच्या शपथेसारखा पाळला. म्हणजे चौघांनी पाळला.

शेवटचं वळण माझ्या वाट्याला आलं होतं. सगळ्यात मोठं, आणि पलीकडे थेट खदानीचा खड्डा. त्याच्या पाळीला मुरूम लांबून आणावा लागायचा, पोत्यात भरून, कॅरियरवर बांधून. दोन रविवार मी वाहिला आणि कंटाळलो. जवळच कुणीतरी भरावासाठी राखडीचे ढीग टाकले होते. वीजघराच्या भट्टीतली ती करडी, मऊ राख. सेकंड शिफ्ट होती त्या आठवड्यात मी रोज सकाळी एकटा गेलो. पाळीचं सगळं पोट राखडीने भरलं आणि वरून मुरमाचा एक थर ठोकून दिला. वरून कीर्तन, आतून तमाशा. रविवारी सगळ्यांनी टाच मारली. सुकी राखड दगडासारखी बसली होती. मित्र म्हणाला, "अबे, तू तं इंजिनियर निंगाला!" मी ते ऐकून घेतलं. छाती फुगवूनच ऐकून घेतलं.

पुढच्या रविवारी उतरायचं ठरलं. मधे दोन दिवस अवकाळी पाऊस लागला.

त्या रविवारी ऊन स्वच्छ होतं. सगळ्यांच्या आधी पोहोचून मी वळणावर गेलो आणि पाळीत बोट खुपसलं. वरचा मुरूम घट्ट होता. त्याखाली बोट गार चिखलात शिरलं आणि करडं होऊन बाहेर आलं. मी ते पॅन्टला पुसलं. तेवढ्यात बाकीचे आले.

वर ढिगाऱ्यावर आम्ही पाचही उभे होतो. आज मी उतरायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "माही चेन ढिली हाय." चेन ढिली नव्हती. मित्र हसला. "चेन नाई बे, तुही फाटून राहिली. सरक, मी जाऊन दाखवतो." त्याने पॅडलवर पाय ठेवला. एक वाक्य बोलायचं होतं मला: थांब, खाली राखड आहे. एवढंच. ते बोललो असतो तर लबाडी चौघांसमोर उघडी पडली असती, आठवडाभर टिंगल झाली असती. टिंगलीच्या भीतीने मी तोंड मिटून उभा राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ किती लाखांची होती, ते मला पाव मिनिटात कळलं.

तो पॅडल न मारता गेला. फ्रीव्हीलची टिकटिक खाली खाली जात ऐकू येत होती. वळणावर पाळ त्याच्यासकट खचून खदानीच्या खड्ड्यात गेली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. टिकटिक तेवढी थांबली.

तिसऱ्या दिवशी तो गेला.

खड्ड्यातून काढलेली सायकल दुकानासमोर आणून ठेवली होती. मागच्या ब्रेकची सळई आपटून निसटली होती. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि ती सळई हातात धरून म्हणाले, "शनवारी मीच कसला होता. माह्या हातानं. चालवून बी पायला होता." त्यांच्यामागे काकू उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे नुसतं बघितलं. मीही तिथेच होतो, चार हातांवर. बाकीच्यांना वाटलं, पाळ पावसाने गेली आणि ब्रेकही लागला नाही. मी दुसऱ्यांदा तोंड मिटून उभा राहिलो.

उतार त्या दिवसापासून बंद झाला. काकांनी दुकान बंद केलं नाही, फक्त ब्रेकला हात लावणं सोडलं. पंक्चर, चाकाच्या आऱ्या, चेन, सगळं करायचे. ब्रेक म्हटलं की स्पॅनरने रस्त्यापलीकडचं दुकान दाखवायचे. "ब्रेक समोर." सुपेल्यात लोक त्याची थट्टा करायचे, हळूहळू त्यांना सवय झाली. मी पर्मनंट झालो, लग्न झालं, मुलगी झाली. फर्स्ट शिफ्टला सायकलने जाताना मागून फ्रीव्हीलची टिकटिक यायची. वळून बघावं तर रस्ता मोकळा. मी पॅडल थांबवलं की माझीच सायकल टिकटिकायची, हे मला कळत होतं. तरी मी वळून बघायचो, आणि पॅडल थांबवायचं मी सोडूनच दिलं. उतारावरसुद्धा मारत राहायचो. भूत येऊ नये म्हणून लोक दाराला लिंबू-मिरची बांधतात. मी कशाला बांधणार? आतला तमाशा तर माझाच होता.

मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा तिला लेडीज सायकल घेतली. एक दिवस ती सुपेल्यातून रागातच घरी आली. शेजारच्या पोरीबरोबर काकांच्या दुकानात गेली होती. "बाबा, वो मिस्त्रीकाका ब्रेक क्यों नहीं बनाते? इतके चांगले आहेत, पण ब्रेक म्हटलं की तोंड फिरवतात."

मी तिची सायकल घेतली आणि पायी ढकलत सुपेल्याला गेलो. बसायची हिंमत नव्हती.

दुपार होती, दुकानात कुणी नव्हतं. काका फार म्हातारे दिसत होते. मी म्हणालो, "काका, ब्रेक…" त्यांनी न बघता स्पॅनर वर केला. "समोर."

"काका, त्याचा ब्रेक सुटला नव्हता. ते वळण माह्यं होतं. पाळीत मी राखड भरली होती."

त्यांनी स्पॅनर खाली ठेवला. मग मिस्त्रीने मिस्त्रीला विचारावं तसं विचारलं, "वरून मुरूम कितीक होता?"

"चार बोटं."

"खाली सारी राखड?"

"हो."

"भिजली हाय, हे तुले मालूम होतं?"

"हो."

"तो उतराच्या आंधी?"

"हो, काका."

त्यांनी मला मारावं असं मला फार वाटत होतं. मारलं असतं तर मी थोडा तरी सुटलो असतो. ते म्हणाले, "तुह्या काकूले सांगाले पायजे होतं रे. माह्या हातचं पानी बी घेत नोयती ती. मागल्या साली गेली."

मी रडलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुलीची सायकल ओढून त्यांनी उलटी केली, ब्रेकचे रबर काढून घासले, सळई सरळ केली, नट कसला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. स्पॅनर दोनदा हातातून निसटला. मी धरायला गेलो तर हात झटकून म्हणाले, "दूर राय."

मग सायकल उभी केली आणि स्वतः बसले. पोरीची सायकल, गुडघे हँडलला लागत होते. चौकाकडे थोडासा उतार आहे. ते पॅडल न मारता गेले, आणि ती टिकटिक मी पुन्हा ऐकली, खाली खाली जाणारी. समोरून बस आली. मी जिथे होतो तिथेच उभा राहिलो आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना, तसाच, त्या दिवशीसारखा.

काका बसच्या अलीकडे थांबले, सावकाश वळले आणि चढावर सायकल ढकलत परत आले. हँडल माझ्या हातात दिलं.

"ब्रेक चांगला हाय," ते म्हणाले. "तवाबी चांगलाच होता."