खोक्यावरचा चोपन्नचा आकडा

राउटरच्या खोक्यावर वेगाचा चोपन्नचा आकडा एवढा ठसठशीत छापला होता, की मी दुकानदाराला दुसरं काही विचारलंच नाही. जालन्याहून वाटूरला येईपर्यंत ते खोकं एसटीत माझ्या मांडीवर होतं. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. धाकटा भाऊ अमेरिकेत. त्याच्या लग्नावरून आमच्या वडिलांचं, आबांचं, आणि त्याचं वाजलं, आबा "पुन्हा तोंड दाखवू नको" म्हणाले, आणि तो पठ्ठ्या चार वर्षं फिरकला नाही. आता आबांनी मागच्या खोलीत अंथरूण धरलं होतं. एक दिवस म्हणाले, "त्याला पाहायचंय. घरी ये म्हणायचंय एकदा." मी भावाला फोन केला. इंटरनेटवरून समोरासमोर बोलायला तोही लगेच तयार झाला.

इंटरनेट येणार ती फोनची लाइन पुढच्या खोलीत. बायको म्हणाली, आबांची खाटच पुढं आणू, चार माणसं लागतील फक्त. मी मास्तर, त्यात तापट, ऐकतोय कशाला! तिच्यावरच खेकसलो. आजारी माणसाला हलवायचं कशाला, खोक्यावर आकडा लिहिलाय ना? आमच्या घरात महागाची वस्तू कुलपात जायची, टीव्हीसुद्धा कितीतरी वर्षं कपाटातच होता. राउटरला हळदकुंकू लावलं आणि धूळ नको, पोरांचे हात नको म्हणून पुढच्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून दार लावून टाकलं. वायरीसाठी मागून भोक पाडलं, त्याचंही मलाच कौतुक.

रविवारी सकाळी आबांची दाढी केली, धुतलेला सदरा घातला, उशीला टेकवून बसवलं. मांडीवर मित्राकडून आणलेला लॅपटॉप. भाऊ दिसला. जरा सुटला होता. आबांचा हात पडद्याकडं गेला, आणि चित्र तिथंच थांबलं. भावाची मान खाली, आवाज बंद. मी बटणं दाबतोय, दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. आबा मात्र एकटक बघत होते. मशीन अडकलंय म्हणून मी परोपरीनं सांगितलं.

"मशीन न्हाई रे," ते म्हणाले. "मान खाली घालून बसलाय तो. माझ्याशी बोलायचंच न्हाई त्याला. बंद कर."

मी बंद केलं. पुढच्या रविवारी पुन्हा लावू म्हणालो. आबा गुरुवारीच गेले.

तेराव्यानंतर टेलिफोनचा लाइनवाला आला. कपाट उघडून हसला. म्हणाला, मास्तर, हा आकडा खोक्यावरच खरा असतो. तुमच्या लाइनीतून मुळात त्यातलं चिमूटभर येतं, त्यातलं निम्मं या लोखंडानं खाल्लं आणि उरलेलं मधल्या दोन भिंतींनी. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याचं काय चुकलं? खरंच सांगत होता बिचारा. मीच कपाळकरंटा.

भाऊ महिन्यानं आला. मागच्या खोलीत रिकाम्या खाटेपाशी खाली बसला. मला राहवेना. म्हटलं, त्या दिवशी मान खाली का घातली होतीस?

"पाया पडत होतो, भाऊ," तो म्हणाला. "वर पाहिलं तर तुमचं चित्र गेल्तं. आवाज येत होता. आबा 'बंद कर' म्हणाले, ते ऐकलं मी."