टाचेवरचा डाग

जबलपूर सोडलं त्या सकाळी चेरीतालच्या घरात बाबा मोजे घालत होते, तेव्हा त्यांच्या उजव्या टाचेवर मला काळा डाग दिसला. विचारलं तर म्हणाले, "काहून पाहून राहिली? भोवरी आहे. फॅक्टरीच्या बुटांनी होते." तीस वर्षं त्यांनी डिफेन्सच्या कारखान्यात काढली होती, त्यामुळे मला पटलं. दाराशी टॅक्सी उभी होती, आईचं चलो, चलो सुरू होतं. मी निघाले.

जर्मनीत माझं काम त्वचेवर प्रकाश टाकण्याचं. लेझरचा किरण त्वचेत शिरतो. परत येणाऱ्या प्रकाशातले बारीक फरक वाचून आतल्या पेशी बिघडल्यात का, याचा अंदाज घ्यायचा. कापाकापी नाही. पण आपल्यासारख्या सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्यच इतकं चमकतं की बाकीचं वाचता येत नाही. तिथले पेशंट सगळे गोरे. सावळी त्वचा हवी असली की मी माझाच हात यंत्राखाली धरायची.

दुसऱ्या हिवाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. मोजा काढून त्यांनी टाच पुढे केली. वेड्यावाकड्या कडांचा काळा डाग. बाबांच्या टाचेवर होता तसाच. त्याच दुपारी मी घरी व्हिडिओ कॉल केला. बाबा पाय दाखवायला टाळाटाळ करत होते. शेवटी आईनेच मोबाइल खाली धरला. कमानिया गेटच्या बाजारातून आणलेल्या भोवरीच्या पट्ट्या लावून लावून तिथे जखम झाली होती. तपासणीत कॅन्सर निघाला, जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. सात महिन्यांत बाबा गेले. शेवटचे पाच आठवडे मी जवळ होते.

तेराव्यानंतर भांडी आवरताना आईने विचारलं, "तुझ्या मशीनला बाबांचं दिसलं असतं का गं?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हणाले, "मशीन कशाला, आई. डॉक्टरला नुसता पाय दाखवला असता तरी कळलं असतं. मी निघाले त्या दिवशी पाहिला होता तो डाग."

"अच्छा," ती म्हणाली, आणि ताटं पुसत राहिली.

जर्मनीत परतल्यापासून आम्ही रोज फोनवर बोलतो. हवा, शेजारी, गॅस सिलिंडर. बाबांचा विषय निघाला की तिचा कुकर लागलेला असतो. माझ्यासारखेच इकडे आलेले विचारतात, घरची आठवण येते का. येते. पण घर म्हणजे आता एक बाई आहे, जिला मी खरं सांगितलं, आणि जी त्यावर अजून काही बोललेली नाही.