हलगीला जाळ

परवा नातवाच्या कॉलेजात रंगमंचामागे एक पोरगा हलगी शेकत होता. त्या धुराच्या वासानं मी नगरच्या आमच्या कॉलेजात, बहात्तरच्या दुष्काळातल्या स्नेहसंमेलनात पोचलो.

श्रीरामपूरची मेरी पेटीवर ख्रिस्ती भजन म्हणून उठली, रहीमची कव्वाली रंगली. मग कर्जतच्या नामदेवची हलगी होती. कातडं ताणलं जावं म्हणून मी पाचोळा पेटवायला घेतला.

“जाळ नको,” नामदेव म्हणाला. “औंदा शेकावी लागत न्हाई. हवाच लई कोरडी हाय.”

हलगी अशी कडाडली की आम्ही सगळे नाचलो. तो एकटा मान खाली घालून वाजवत राहिला.

परवाच्या पावसाळी, दमट हवेत त्या पोराची हलगी सारखी उतरत होती. तो वैतागला होता. मी मात्र तिचा बद्द आवाज कान लावून ऐकत उभा राहिलो.