डिझेल गाडीची चिप आणि बाबांचा उजवा पाय

चहा गार झाला तरी चालेल, पण हे आधी ऐकून घ्या. माझ्या वडिलांचा धडधाकट उजवा पाय मी आठवड्याभरात निकामी करून दाखवला. हातही न लावता. ऑनलाइन मागवून.

हसू नका. तेव्हा घरात कोणी हसत नव्हतं.

तर आमच्याकडे एक पांढरी डिझेल गाडी आहे. मी शाळेत असताना घेतलेली, आणि तेव्हापासून तिच्यावर हात बाबांचाच. बाबा म्हणजे गणिताचे निवृत्त प्राध्यापक. ही गाडी उचल घ्यायला जरा आळशी. पाय दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही, मग टर्बोला जाग येते आणि ती निघते. बाबांनी त्यावर स्वतःची पद्धत बसवली होती. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, समोर बघत थांबायचं, "हं, चल बाई" म्हणायचं, की गाडी चालू लागायची. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकमेकांशी छान जमून गेलं होतं.

माझं नव्हतं जमलं. मागच्या खेपेला आम्ही सुरतला मावशीकडे निघालो होतो. बडोद्याची तरसाली सोडून हायवेला लागतो न लागतो तोच पुढे कोयलीच्या रिफायनरीतून भरून निघालेला टँकर आला. बाबा भरूचपर्यंत त्याच्या मागे. अहो, भरूचपर्यंत! त्या टँकरच्या पाठीवरची आगीची सूचना मला गुजरातीत, हिंदीत आणि इंग्रजीत पाठ झाली.

"बाबा, ओव्हरटेक करा ना."

"तिला पिकअप नाही गं."

"मागे केवढी रांग लागलीय बघा."

"त्यांना घाई असेल. आपल्याला आहे का?"

"मला आहे."

"तुला जन्मापासून आहे. तू तर महिनेसुद्धा पुरे भरू दिले नाहीस."

मागच्या सीटवर आई थेपल्यांचा डबा उघडून बसली होती. ती म्हणाली, "भांडा, पण खाऊन भांडा."

त्याच प्रवासात मी फोनवर शोधलं आणि मला ती सापडली. डिझेल गाडीची परफॉर्मन्स चिप. चिप कसली, साबणाच्या वडीएवढी काळी डबी. इंजिनातल्या एका सेन्सरची पिन काढायची, मध्ये ही जोडायची. मग ही डबी गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते की डिझेलचं प्रेशर कमी पडतंय. कॉम्प्युटर बिचारा प्रेशर वाढवतो आणि गाडीत जोर येतो. शिवाय कंपनीचा दावा असा की पाय कमी दाबावा लागतो म्हणून ॲव्हरेजही सुधारतं. एका पिनेत दोन्ही प्रश्न खलास.

बाबांना का नाही विचारलं, असंच म्हणणार ना तुम्ही? उत्तर मला तोंडपाठ होतं म्हणून. "गाडी बनवणारे काय मूर्ख बसलेत?" आमच्या घरात कंपनीने दिलेल्या वस्तूला हात लावायचा नाही असा नियमच आहे. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे. म्हणून मी ठरवलं, गुपचूप बसवायची. बाबा दर वेळी टाकी काठोकाठ भरून ॲव्हरेज काढतातच. ते वाढलं की ऐटीत सांगायचं, बघा, हे मी केलं.

दुपारी बाबा झोपले तेव्हा मी बॉनेट उघडलं. माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं. म्हणजे इंजिनाशी माझा संबंध तुमच्याइतकाच. पण व्हिडिओ बघून काय होत नाही? पिन निघाली, डबी बसली, गाडी सुरूही झाली. डबीवर जोर कमीजास्त करायला एक चकती होती. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, खालच्या पायरीपासून सुरुवात करा, चालकाला सवय होऊ द्या. हा असला सल्ला मला बालवाडीपासून पटलेला नाही. मी चकती सरळ शेवटापर्यंत फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा शेजारच्या हसमुखभाईंना घेऊन बागेत फिरायला निघाले. मी गॅलरीत उभी. सोसायटीच्या फाटकाशी स्पीडब्रेकर आहे, तिथे बाबा रोज थांबतात आणि मग पाय तळापर्यंत दाबून वाट बघत बसतात. त्या दिवशीही दाबला. "हं" म्हणून झालं असेल, "चल बाई" राहिलंच. गाडीने स्पीडब्रेकरवरून उडी मारली आणि थेट भाजीच्या लारीसमोर, म्हणजे हातगाडीसमोर, जाऊन थांबली. भाजीवालीच्या हातातला दुधी खाली पडला. गाडीतून हसमुखभाईंचा आवाज वरपर्यंत आला, "अरे प्रोफेसरसाहेब, धीमे, धीमे! घरे बैरी छे मारी." घरी बायको आहे म्हणे.

मी गॅलरीत आनंदाने नाचले. काय पिकअप होता, काय सांगू.

बाबा परत आले.

"गाडी कशी चाललीय?" मी अगदी साळसूदपणे विचारलं.

"गाडीला काय होणार?" ते म्हणाले आणि स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत राहिले.

मला वाटलं, बूट चावत असेल.

पुढे चारपाच दिवस बाबा गाडी इतकी हळुवार चालवत होते की मांडीवर झोपलेलं मूल असावं. चप्पल काढून, नुसत्या अंगठ्याने ॲक्सिलरेटरला स्पर्श करायचे. टाकी भरल्यावर हिशेब करून म्हणाले, "ॲव्हरेज वाढलंय." हे एखाद्याच्या निधनाची बातमी द्यावी तशा आवाजात. पण मी आवाज कशाला ऐकतेय? वाढलं ना? चिप जिंदाबाद. आणखी थोडे दिवस जाऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं.

मग एका सकाळी मी बाथरूमकडे गेले तर बाबा बाहेर स्टुलावर बसलेले. समोर आमचा वजनकाटा. त्यावर नुसता उजवा पाय. ते पायाने काटा दाबत होते, आकडा बघत होते, सोडत होते, परत दाबत होते.

"बाबा, पायाचं वजन कमी करताय?"

"जा तू. उशीर होईल तुला."

स्वयंपाकघरात आईने मला हाताला धरून फ्रिजमागे ओढलं. "मुक्ता, ओरडू नकोस. ह्यांच्या पायात काहीतरी झालंय. मला सांगत नाहीत. काल फतेगंजला नसांच्या डॉक्टरांकडे एकटेच जाऊन आले, रिक्षाने."

"रिक्षाने का?"

"तेच तर. गाडी असताना."

मला अजूनही उलगडलं नाही बरं का. शिकलेल्या माणसाचं डोकं असतं ना, ते एखाद्या दिवशी अजिबात येत नाही कामाला.

उलगडलं ते सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवताना. बाबांनी वाटीतली कढी संपवली, हात धुतले, परत येऊन बसले आणि म्हणाले, "मी आजपासून गाडी चालवणार नाही."

आईने पोळी तशीच हातात धरली.

"पाय ऐकेनासा झालाय. मी दाबतो थोडा आणि तो दाबतो जास्त. त्या दिवशी भाजीवाली वाचली ते तिचं नशीब. मी नीट विचार केलाय. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोलपंपसुद्धा तोच. गाडीत काहीही बदललेलं नाही. मग बदललेली गोष्ट एकच उरते. मी."

सांगा, काय चूक होती त्या तर्कात? एक ओळ चुकीची होती आणि ती मी बॉनेटखाली लपवलेली होती.

 हा माणूस कधी कोणावर अवलंबून राहिलेला नाही. आईला भजनाला सोडणं, आत्याला स्टेशनवरून आणणं, सोसायटीतल्या कोणालाही दवाखान्यात नेणं, हे सगळं त्याच गाडीतून. आणि आता ते किल्ली टेबलावर ठेवून म्हणत होते, "हसमुखभाईंचा भाचा गाडी घ्यायची म्हणतोय. देऊन टाकू. मेंदूच्या एमआरआयची वेळ घेतलीय शुक्रवारची. घाबरू नका, वयाचं असतं."

आई रडायला लागली. त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं, बरोबर? उघडलंही होतं. पण आई रडतेय, बाबा तिची पाठ थोपटतायत, अशात "ती साबणाच्या वडीएवढी डबी आहे" हे वाक्य कुठून सुरू करायचं? शिवाय मला त्याहून हुशार उपाय सुचला. डबी काढून टाकायची. गाडी पूर्ववत होईल, बाबा एकदा चालवतील, पाय बरा झालाय असं त्यांना वाटेल आणि मी सुटले.

दुपारी डबी काढून पर्समध्ये टाकली. संध्याकाळी बाबांच्या मागे लागले, "विकायच्या आधी एकदा चालवा ना. आईला फतेगंजला सोडू, तिचं भजन आहे. मी शेजारी बसते, हँडब्रेकवर हात ठेवते."

बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर बाबा तयार झाले. चप्पल काढली, अंगठा टेकवला. वजनकाट्यावर इतकी मेहनत घेतलेला तो अंगठा, पिसासारखा. सपाट रस्त्यावर गाडी रडतखडत चालली. मी म्हणत होते, "बघा, कशी छान चाललीय." बाबांचे खांदे जरा सैल झाले होते.

आणि फतेगंजचा पूल आला.

पुलाच्या चढावर ट्रॅफिक थांबलं. आम्ही थांबलो. ट्रॅफिक हललं. बाबांनी क्लच सोडला आणि अंगठ्याने हळूच स्पर्श केला. गाडी आचका देऊन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा स्पर्श, पुन्हा बंद. मागे हॉर्न. बडोद्यात हॉर्न वाजवायला कारण लागत नाही, इथे तर होतं.

"थोडा जास्त दाबा, बाबा."

"दाबतोय गं." खरंतर तो पाय दाबायचं विसरला होता, मीच विसरायला लावलं होतं. चौथ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ताकदही गेली. आता पाय गेलाच."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आई मागून रामरक्षा म्हणायला लागली. मी हादरले. मी दुरुस्त करायला निघाले होते आणि या माणसाचा उरलासुरला पायही काढून घेतला होता.

"पाय नाही, बाबा! चिप होती!"

"काय होतं?"

मी पर्समधून डबी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. सेन्सर, प्रेशर, चकती, आज दुपारी काढली ते. मागे हॉर्न चालूच. आईची रामरक्षा मध्येच थांबली.

बाबांनी डबी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे ही कॉम्प्युटरला खोटं सांगते?"

"हो."

"आणि तो विश्वास ठेवतो."

"हो."

"माझ्यासारखाच." मग पायाची बोटं हलवून बघितली, सगळी, एकेक करून. "म्हणजे हा चांगला आहे?"

"अगदी चांगला आहे, बाबा."

आई मागून म्हणाली, "घरी चल तू, मग बघते."

 बाबा दार उघडून उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. "उतर. तू चालव."

"मी? पुलावर?"

"मागे रांग लागलीय. तुला घाई असते ना?"

बसले. आता लक्षात घ्या, मी लायसन्सवाली आहे, पण मी चालवते स्कूटर. ही आळशी डिझेल, हा चढ, मागे अख्खं बडोदं. मी क्लच सोडला, गाडी बंद. परत सोडला, गाडी मागे सरकली. मागच्या रिक्षावाल्याने आई-बहिणींची आठवण काढली. मी पाय इकडून तिकडे नाचवतेय आणि गाडी पुढे सोडून सगळीकडे जातेय.

ट्रॅफिक पोलीस आला, खिडकीत वाकला. "शुं थयुं, बेन?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा माझ्यापलीकडून वाकून म्हणाले, "माफ करजो, साहेब. छोकरीना पगमां तकलीफ छे. दवा चाले छे." म्हणजे तकलीफ माझ्याच पायात, आणि औषधही चालू!

पोलिसाने माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं की काय सांगू. त्याने रस्ता मोकळा करून दिला, बाबा पुन्हा स्टिअरिंगवर बसले, पाय तळापर्यंत दाबला, आणि गाडी गेली की पुलावरून. पण तोवर शेजारी स्कूटर थांबवून एक बाई सगळं ऐकत होत्या. आईच्या भजनी मंडळाच्या सुलभाकाकू. आम्ही पोचायच्या आधी त्या मंडळात पोचल्या.

त्या रात्रीपर्यंत बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत माझा पाय पोचला. कोणी वाताचं तेल पाठवलं. कोणी वैद्य सुचवला. मी धावत बस पकडली तर लिफ्टमधल्या काकू म्हणाल्या, "फरक आहे हं आता." खरं सांगायचं तर चिपपासून सांगावं लागतं, म्हणून मी गप्प.

यावर कळस झाला तो परवा. मला बघायचं म्हणणाऱ्या एका घरातून फोन आला. बाबांनीच उचलला. पलीकडून मुलाचे वडील अगदी काळजीने विचारत होते, मुलीच्या पायाचं काहीतरी ऐकलं, खरं आहे का?

मी दारात उभी राहून हात जोडले. म्हटलं, आता तरी माझी बाजू घेतील.

"छे छे," बाबा म्हणाले, "पायाला काही नाही हो. पाय उत्तम आहे तिचा. आम्ही खालून वरपर्यंत नीट तपासलं. दोष वर निघाला."