भिंतीवरून काढून आणलेलं सर्टिफिकेट

मागच्या महिन्यात एका रविवारी मी चांदूर बाजारला गेलो आणि एका माणसाच्या भिंतीवरची फ्रेम घेऊन आलो. चोरी नाही केली... बसून चहा प्यायलो, मग त्या नवराबायकोनेच ती माझ्या हातात दिली. तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये, म्हणून लिहितोय.

मी मूळचा अकोल्याचा, जुन्या शहरातला. गेली चार वर्षं अमरावतीच्या एमआयडीसीत, काचेचा धागा बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क आहे. हजेरी, मस्टर, पगाराच्या स्लिपा... सगळं माझ्या हातून जातं.

देवीदासभाऊ आमच्याकडे अकरा वर्षांपासून मशीन चालवतात. वितळलेल्या काचेचे केसाहून बारीक धागे वरून येतात, ते तुटू न देता रिळावर गुंडाळायचे. कुठे बिघडतंय ते भाऊंना मशीनच्या आवाजावरूनच कळतं. नवीन माणूस आला की साहेब लोक त्याला भाऊंजवळच उभं करतात, बघ आणि शिक म्हणून.

काचेची बारीक कुसळं अंगात शिरतात, मग दिवसभर खाज. वहिनी त्यांचे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत धुतात, घरातल्यांच्या अंगाला लागू नये म्हणून.

पण माझ्या मस्टरवर देवीदासभाऊ हेल्पर आहेत. हेल्पर म्हणजे अकुशल, आणि पगारही अकुशलचाच. मशीन चालवणारा कुशल धरायचा असतो, त्याचा दर वेगळा... हे मला माहीत आहे, मॅनेजरलाही माहीत आहे. तरी दर महिन्याला मी त्यांना हेल्परची स्लिप देतो आणि ते ती घडी करून खिशात ठेवतात.

यंदा सेफ्टीच्या कार्यक्रमात कंपनीने भाऊंचा सत्कार ठेवला. सर्टिफिकेट टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मस्टर तोंडपाठ असूनही माझ्या हातून 'उत्कृष्ट मशीन ऑपरेटर' असंच टाइप झालं, कारण कारखान्यात सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणतात. मॅनेजरने न वाचता सही ठोकली, शिक्का मारला. फोटोही मीच काढले.

दोन महिन्यांनी भाऊंनी कामगार कार्यालयात अर्ज दिला. मागणी साधी... मशीन चालवतो, तर मशीन चालवणाऱ्याचा पगार द्या. कंपनीला नोटीस आली आणि मॅनेजरला एकदम ते सर्टिफिकेट आठवलं.

मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, चूक तुझी आहे, तूच निस्तर. छपाईत चूक झाली, नवीन करून देतो असं सांग आणि ते घेऊन ये. माझी नोकरी कॉन्ट्रॅक्टची. पुढच्या सहा महिन्यांची सही त्याच आठवड्यात व्हायची होती.

चांदूर बाजारला भाऊंच्या घरी गेलो. वहिनींनी चहा केला आणि मी छपाईची थाप मारली. भाऊंकडे बघवेना म्हणून भिंतीकडे बघितलं, तर तिथे नेमकी तीच फ्रेम.

वहिनींनी ती काढली, पदराने काच पुसली. "खिळा राहू द्या, नवं येनारच हाये," असं भाऊंना म्हणाल्या. "नवं कवा येईन?" असं मला विचारलं. मी आठ दिवस सांगून टाकले.

भाऊ गाडीपर्यंत सोडायला आले. फ्रेम त्यांनीच पिशवीत घातली आणि हळूच म्हणाले, "साहेब, मले समजते तुमी काहून आले ते. छापाची चूक असती तं कंपनीनं रविवारी मानूस नसता धाडला." मी गाडीला किल्ली लावली. "न्या. माह्यापायी कोनाची भाकर नको जायाले."

त्या क्षणी फ्रेम परत द्यायला हवी होती. मी गाडीला किक मारली. सोमवारी ती मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टवर सही झाली.

परवा कामगार कार्यालयात पहिली तारीख होती. मी कंपनीच्या बाजूने मस्टर मांडीवर घेऊन बसलो होतो. तिथल्या अधिकारी मॅडमनी भाऊंना विचारलं, तुम्ही ऑपरेटर आहात असा कंपनीचा एखादा कागद आहे का?

"होता जी," भाऊ म्हणाले. मग कुठे गेला, असं मॅडमनी विचारलं. मी भाऊंपासून दोन खुर्च्यांवर होतो... त्यांनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. भाऊ खाली बघून म्हणाले, "आता नाही माह्याजवळ."

मॅडमनी तसं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. मी मांडीवरचं मस्टर मिटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाहेर आल्यावर भाऊंनी मला गाठलं. आता शिव्या पडणार असं वाटलं, आणि खरं सांगतो, पडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "जेवले काय साहेब?"

आज सकाळी मोबाईलमध्ये कार्यक्रमाचे फोटो शोधले. फ्रेमचं काय झालं मला माहीत नाही, ऑफिसात कुणी विषय काढत नाही. पण फोटो आहे... भाऊंच्या हातात सर्टिफिकेट, बाजूला मॅनेजर हसतोय, सही-शिक्का स्वच्छ दिसतोय. भाऊंना तो पाठवलाय. पुढच्या तारखेला मॅडमनी विचारलं तर टाइप कुणी केलं आणि परत कुणी आणलं, तेही मी सांगणार आहे.

हे सहा महिने संपले की त्यापुढची सही होईल असं वाटत नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. भाऊ मात्र आणखी किती वर्षं हेल्पर म्हणून मशीन चालवणार, ते आता या एका फोटोवर आलंय.

वहिनी, आठ दिवस सांगून गेलो होतो, ते कधीच उलटले. तुमच्या भिंतीवरचा खिळा माझ्यामुळे रिकामा आहे.

फोटो खाली लावलाय. मोठा करून भाऊंच्या नावाखालची ओळ वाचा. ती मी टाइप केली होती आणि तिच्यात काहीही चूक नव्हती.